सही करणाऱ्याची जागा

"हे नको," शेपटीच्या पोकळीतून डोकं बाहेर काढत सुधीरराव देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी टॉर्च विझवला.

संदेश भोईरचं तोंड एवढंसं झालं. होणारच. विमान दिसायला देखणं होतं. पांढरंशुभ्र अंग, त्यावर निळा पट्टा, आत नवाकोरा गालिचा, चार माणसांची ऐसपैस जागा. संदेशनं आल्याआल्या त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला होता आणि घरच्या ग्रुपवर टाकूनही मोकळा झाला होता.

"काका, काय वाईट आहे यात? एकदम टकाटक आहे. चाललंय पण कमी."

"अरे, तेच तर वाईट आहे. समुद्राकाठी वर्षानुवर्षं नुसतं उभं होतं. बसून राहिलेलं इंजिन आतून गंजतं. आणि पत्र्याचं काय झालंय ते बघ. हात घाल इथे. घाल, चावत नाही."

संदेशनं हात घातला. बोटांना पांढरा भुगा लागला. वरच्या झकास रंगाखाली पत्रा फुगून सुटत चालला होता. बोटं पँटला पुसत तो म्हणाला, "आयला, आणि मी फोटो पाठवून बसलोय."

पंखाखाली उभी असलेली अंतरा हसली. अंतरा म्हणजे सुधीररावांची मुलगी. विमान चालवणं शिकवायचा परवाना तिच्याकडे होता, पण शिकवायला विमान नव्हतं. संदेशकडे वडिलोपार्जित शेतावर उभे राहिलेले फ्लॅटचे टॉवर होते, माजिवड्याला ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं आणि घाटापलीकडच्या माळावर एका जुन्या धावपट्टीचा करार होता. आता त्याला फ्लाइंग स्कूल काढायचं होतं. एका इंजिनाचं एखादं चांगलं जुनं विमान घ्यायचं, ते नीट सजवायचं आणि सुरुवात करायची. निवड सुधीररावांची. पुढे देखभालही त्यांचीच.

परतताना गाडी शीळफाट्याला अडकली, तेव्हा संदेशनं पुन्हा विषय काढला. "काका, मग आपण आधी बघितलेलं ते पिवळंच घ्यायचं म्हणता? दिसायला कसलं भंगार आहे."

"पिवळंच. रोज उडतंय ते. शिकाऊ पोरांनी आदळून आदळून चाकं झिजवलीत, सीटा फाडल्यात, पण इंजिन खणखणीत आहे. सीट बदलता येते रे."

"सीटचं माझ्यावर सोडा. इथंच माझा माणूस आहे, गाड्यांचं डेकोर करतो. लाल रेक्झिन, मागे स्पीकर, कडक करून देईल."

"त्याला लांबूनच नमस्कार कर. विमानात पेट न घेणारं कापड लागतं. स्पीकर हवा असेल तर मी गातो."

संदेश खो खो हसला. मागे बसलेली अंतराही हसली. सुधीरराव मात्र खिडकीबाहेर बघत राहिले. गेले कित्येक महिने एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून होती.

झालं होतं असं. असेच एकदा ते संदेशला भेटायला निघाले होते. माजिवड्याला बसमधून उतरले आणि आपण इथं कशाला आलोय तेच आठवेना. उड्डाणपुलाखाली हातात पिशवी धरून ते वेड्यासारखे उभे राहिले. मग संदेशचाच फोन आला, "काका, कुठं पोचलात?" आणि सगळं परत जागेवर आलं. घरी आल्यावर बायकोला, सरोजबाईंना, ते काही बोलले नाहीत. अंतराला तर नाहीच नाही. उभा जन्म विमानाच्या इंजिनांत गेलेला माणूस, सहीला किंमत असलेला. त्यानं कुणाला सांगायचं, की माझ्या डोक्यात मधूनच अंधार होतो?

त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हे एक विमान नीट पार पाडायचं. पार पडलं, तर लेकीबरोबर अजून चार वर्षं काम करायचं. नाही पडलं, तर पाना खाली ठेवायचा. कुणी सांगायच्या आधी ठेवायचा.

तेव्हापासून त्यांनी एक पद्धत धरली. प्रत्येक गोष्टीला बोट लावायचं आणि तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नुसत्या नजरेवर विश्वास नाही. घरात गॅसच्या बटणाला बोट लावून ते म्हणत, "गॅस, बंद." कुलपाला बोट लावून म्हणत, "कुलूप, लागलं." सरोजबाई चेष्टेनं म्हणायच्या, "अहो, माझ्या खांद्याला बोट लावून 'बायको, आहे' म्हणा एकदा." ते हसून वेळ मारून न्यायचे.

पिवळं विमान धावपट्टीवरच्या शेडमध्ये आलं आणि सुधीरराव त्याच्यात बुडाले. तिथंच खाट टाकून राहू लागले. संदेशला समोर मोठा रंगीत स्क्रीन हवा होता. सुधीरराव म्हणाले, आधी खांद्यावरून येणारे पट्टे, मग नवा रेडिओ, मग विमान कुठं पडलंच तर आपोआप हाक मारणारं यंत्र, आणि त्यातून काही उरलं तर तुझा टीव्ही. उंची दाखवणारं जुनं घड्याळ अडखळत होतं, ते त्यांनी बदललं. हवेच्या नळ्या बदलल्या. प्रत्येक सांध्याला बोट लावलं. कुठं काही विसरलं नाही. रात्री आडवं झाल्यावर आठवून बघत, तर सगळं लख्ख आठवे. वाटलं, तो माजिवड्याचा प्रकार म्हणजे उन्हानं आलेली भोवळ असेल. साखर कमी झाली असेल. माणूस स्वतःला समजवायला बसला की कारणांना तोटा नसतो.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी डोंबिवलीहून संदेशच्या गाडीतून अंतरा आणि सरोजबाई आल्या. सरोजबाईंनी पूजेचं तबक आणलं होतं. संदेशचाच आग्रह होता. "काकी, आमच्याकडे साधा टेम्पो घेतला तरी पूजा होते. हे तर विमान आहे. तुमच्याच हातानं होऊ दे."

सुधीररावांनी सकाळीच तपासणी करून सही केली होती. ते ज्या शेडमध्ये काम शिकले, तिथली एक रीत होती. विमान उडायला योग्य आहे अशी सही ज्यानं केली, त्यानं पहिल्या उड्डाणाला पायलटच्या शेजारी बसायचं. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही. पण आपल्या सहीवर दुसऱ्याला वर पाठवायचं आणि आपण खाली चहा पीत बसायचं, हे त्या लोकांना पटत नसे. सुधीररावांनी ही रीत एकदाही मोडली नव्हती. त्यामुळे आज लेकीच्या शेजारी बसायचं, या कल्पनेनंच ते सकाळपासून खुशीत होते.

"अहो, स्वस्तिक कुठं काढू? पुढच्या पंख्यावर?"

"पंख्यावर नको, उडून जाईल. इथे काढ, दाराच्या पुढे. इथला रंग चांगला आहे." त्यांनी डाव्या बाजूच्या पत्र्यावर बोट ठेवून जागा दाखवली.

सरोजबाईंनी कुंकू तेलात कालवलं होतं. पाण्यातलं ओघळतं ना. मन लावून, जीभ किंचित बाहेर काढून त्यांनी ठसठशीत स्वस्तिक रेखलं आणि चार घरांत चार जाड ठिपके दिले. वर अक्षता लावल्या. संदेशनं नारळ जमिनीवरच फोडला, कारण चाकाजवळ फोडायला सुधीररावांनी सक्त मनाई केली होती.

मग सुधीररावांनी विमानाभोवती शेवटची फेरी मारली. बोट लावत, नाव घेत. टायर. ब्रेकची नळी. तेलाचं झाकण. डाव्या बाजूला आले तर समोर स्वस्तिक, ओलं. बोट उचललं होतं, ते तसंच खाली घेतलं. बायकोनं इतक्या हौसेनं काढलंय, फिसकटेल. ते डाव्या पंखाकडे वळले.

"बाबा, मी एकदा फिरून बघते," अंतरा म्हणाली.

"अगं, मी बघितलंय सगळं. ऊन चढतंय, वारा सुटेल. चल बस."

बाबांनी बघितलंय म्हटल्यावर ती बसली.

विमान धावलं, वेगाचा काटा नीट वर गेला, चाकं सुटली. खाली संदेश हात हलवत होता. सुधीररावांना वाटलं, जमलं. जमलं आपल्याला. आणि तेवढ्यात अंतरा म्हणाली, "बाबा, उंची हलत नाहीये."

उंचीचा काटा जमिनीवर होता तिथंच बसला होता. त्याच्या शेजारी वेगाचा काटा खाली खाली येऊ लागला. समोर डोंगराची सोंड होती. वेग पडतोय असं दिसलं की पायलटचा हात आपसूक विमानाचं नाक खाली करतो. अंतराचाही करू लागला.

"स्पीड पडतोय, बाबा."

"पडत नाहीये. काट्यांकडे बघू नकोस. बाहेर बघ. इंजिनाचा आवाज ऐक, पूर्ण ताकद आहे. नाक वर ठेव. तसंच. तसंच वर चल."

बोलता बोलताच त्यांचा हात पॅनलखालच्या लहानशा कळीकडे गेला. बाहेरची हवा अडली, तर आतली हवा घ्यायची ती कळ. त्यांनी ती ओढली. दोन्ही काटे दचकून उठल्यासारखे हलले आणि आपापल्या जागी जाऊन बसले. विमान डोंगराच्या बरंच वर होतं. अंतरानं श्वास सोडला.

"काय झालं असेल?"

त्यांना ठाऊक होतं. काटा अडला त्याच क्षणी ठाऊक झालं होतं. डाव्या दाराच्या पुढे पत्र्यात हरभऱ्याएवढी चकती असते. तिच्या मधोमध भोक. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत येतो आणि त्यावर उंची नि वेग दोन्ही घड्याळं चालतात. शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. त्यांनी स्वतः शेकडो पोरांना शिकवलं होतं. आणि आज तिथंच बोट ठेवून ते बायकोला म्हणाले होते, इथे काढ.

"उतरव," ते म्हणाले. "खाली सांगतो."

उतरल्यावर त्यांनी आधी ती जागा पाहिली. वरच्या डावीकडचा ठिपका बरोबर भोकावर होता. जाड, तेलकट, वर तांदळाचा एक दाणा. अंतराही शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पाहिलं आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, पुसून टाका. आईला नको सांगायला. संदेशलाही नको. मीही बघायला हवं होतं ना."

तेवढ्यात ते दोघं येऊन पोचलेच. सरोजबाईंच्या हातात पेढ्यांचा डबा होता. "काय गं, कसं वाटलं? लवकर आलात ते?"

सुधीररावांनी खिशातून रुमाल काढला. क्षणभर त्यांच्या मनात आलं, लेक म्हणते तसं करावं. कुणाला काय कळणार आहे? पुसायचं, हसायचं, पेढा खायचा. पण मग उद्या या विमानात एखादं विशीतलं पोर बसेल, शेजारी अंतरा असेल, आणि कागदावर माझी सही असेल. त्यांना एकदम भीती वाटली. वर असताना वाटली नव्हती इतकी.

"सरोज," ते म्हणाले, "इथे एक भोक असतं. ते बुजलं. वर उंची, वेग सगळं चुकीचं दिसायला लागलं."

सरोजबाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई. माझ्या हातून झालं हे?"

"तू विचारून काढलंस. जागा मी दाखवली. नंतर हात लावून बघायचं, तेही टाळलं." मग ते संदेशकडे वळले. "संदेश, दुसरा इंजिनिअर बघ. मी यापुढे सही करणार नाही."

"काका, सोडा ना. झालं काय शेवटी? काहीच नाही. तुम्हीच तर वाचवलंत."

"मला ते भोक आठवलं नाही, संदेश. दिसत होतं समोर, तरी आठवलं नाही. आणि हे पहिल्यांदा होत नाहीये." मग माजिवड्याची गोष्ट त्यांनी तिथंच, त्या तिघांसमोर सांगितली. सरोजबाईंनी पेढ्यांचा डबा पंखाखाली जमिनीवर ठेवला आणि त्यांचा दंड धरला. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच त्या म्हणाल्या. अंतरा पाठ फिरवून उभी राहिली. ती रडत होती.

नवा इंजिनिअर आला तो सौमित्र. चष्मा लावणारा, अबोल, लग्नाला फार दिवस न झालेला मुलगा. त्यानं पिवळ्या विमानाचा सांधा न् सांधा परत तपासला. सुधीरराव शेजारी स्टूल टाकून बसून असत. विचारलं तरच सांगत. शेवटच्या दिवशी सौमित्रनं सही केली. सुधीररावांनी त्याला त्यांच्या जुन्या शेडमधली रीत सांगितली. त्यानं मान हलवली आणि हातमोजे काढले.

उड्डाणाच्या वेळी सरोजबाईही आल्या होत्या, या वेळी तबक न घेता. अंतरानं सगळ्या विमानाला स्वतः फेरी मारली. बापाकडे न बघता मारली, आणि ते त्यांना बरं वाटलं. सौमित्र तिच्या शेजारी चढून बसला. त्याला दार ओढता येईना, तेव्हा सुधीररावांनी बाहेरून ते लावलं आणि एकदा हिसकून पाहिलं.

"अहो, मागे दोन सीट रिकाम्या आहेत," सरोजबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "तुम्ही बसा ना मागे. नाही म्हणणार नाहीत ती मुलं."

"नाही म्हणणार नाहीत," सुधीरराव म्हणाले. "पण सही त्याची आहे."

इंजिन सुरू झालं. पंख्याच्या वाऱ्यानं सरोजबाईंचा पदर उडू लागला. तो त्यांनी एका हातानं धरला, दुसऱ्या हातानं नवऱ्याला धरलं आणि दोघं मागे सरून कुंपणाशी जाऊन उभे राहिले.