शेंदूर लावलेले लाइट

आमच्या दिराले, राजकुमारले, गाडी चालवता येते असं ज्यानं कोणी सांगितलं, त्याच्या तोंडात माती पडो. गाडी पुढं जाते, इतलंच त्याले येते. लाइटचं बटन खालीबी होते, हे त्याच्या गावीच नाई.

तशी चूक घरातूनच सुरू झाली. दसऱ्याले गाड्या धुतल्या, झेंडूचे हार घातले, अन् मामाजीनं, म्हणजे माह्या सासऱ्यानं, राजकुमारच्या गाडीच्या दोन्ही लाइटवर तेलात कालवलेल्या शेंदराचं जाडजूड स्वस्तिक काढलं. आमच्या घरची रीत अशी का हा शेंदूर पुसाचा नाई, आपोआप झडला पाहिजे. माह्या स्कुटीच्या काचेले मी शेंदूर लावू देला नाई, तं मामाजी आठ दिवस फुगून होते.

शेंदरामुळं राजकुमारच्या गाडीचा डिप्पर पडे पिवळट, चाकापुढं दोन हात. शहाण्या माणसानं काच पुसली असती. यानं काय करावं? कायमचा अप्पर, म्हणजे वरचा झोत, लावला, अन् वरून बंपरवर दोन पांढरे फोकस बसवून आणले.

"भाऊजी, समोरच्याले काही दिसत नाई हो," मी म्हटलं.

"मले तं दिसते न, वहिनी."

"अन् समोरून गाडी आली तं डिप्पर मारत जा."

"आधी त्यानं मारावा. मी काऊन झुकू?"

घ्या! बटन खाली केलं का याची मान खाली जाते! वा रे राजा!

त्याच आठवड्यात आमचं सोयाबीन निघालं. खळं आता कोणाच्याच घरी राह्यलं नाई. सारं गाव डोणगाव रोडच्या डांबरावर सोयाबीन वाळू घालते अन् भोवताल दगडं मांडते. आम्हीबी तेच करतो, आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाई. राखण मामाजीची. संध्याकाळपासून अंगावर पोतं घेऊन ते दगडाजवळ बसत. मले त्यायचाच घोर होता. रोज म्हणो, मामाजी, आतल्या अंगानं बसा, डांबरावर पाय पसरू नका. माहा बाप मी पाच वर्षांची असताना गेला. 'बाबा, अजून एक पोळी घ्या' असं म्हणाची माही हौस या घरात येऊन फिटली. मामाजीवर माहा लय जीव.

त्या दिवशी बाजार आटपून मी डोणगावहून घरी येऊन राह्यली होती. सात वाजले असतील, पार अंधार पडला होता. डिक्कीत मामाजीसाठी गरम भजे होते. आमच्या सोयाबीनच्या जवळच्या वळणावर समोरून तो उजेड आला. मी डिप्पर देला. दोनदा देला, तीनदा देला. तो कायले ऐकते! डोळ्यापुढं नुसतं पांढरं झालं. मी ब्रेक दाबला, डाव्या अंगाले सरकली. चाकाले दगड लागला, अन् मंग चाकाखाली काहीतरी मऊ आलं.

"अगं माय वं!"

तो आवाज माह्या ओळखीचा होता. समोरची गाडी थांबलीबी नाई.

मेहकरच्या दवाखान्यात मामाजीच्या पायात सळई टाकली. राजकुमार आला, अन् भेटाले आलेल्या पाहुण्यायले सांगू लागला, "बायकायच्या हाती गाडी देऊच नये." चाक तं माहंच होतं न. मी भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं.

मामाजीनं डोळे उघडले. "राजकुमार, सात वाजता त्या वळणावर तू होता न बे?"

"हाव. पण तुम्ही दिसले नाई, बाबा."

"इतल्या उजेडात बाप दिसला नाई?"

"समोरची स्कुटी डिप्पर मारून राह्यली होती. म्हटलं, पाहू कोण किती वेळ टिकते. मले काय माहीत वहिनी हाये! परकं कोणी असन वाटलं."

परकं असतं तं मारून टाकाचं होतं काय रे, मेल्या? हे मी मोठ्यानं म्हटलं, सासऱ्यादेखत. पाहुणे चहा प्याले बाहेर गेले.

मामाजीले घरी आणलं तवा अंगणात ती गाडी उभी होती. ते कुबड्यायवर थेट तिच्याजवळ गेले. माह्याजवळून तांब्या मागितला, धोतराचा सोगा भिजवला, अन् ज्या हातानं शेंदूर लावला होता त्याच हातानं पुसाले लागले. तेलकट शेंदूर निघता निघेना. मी चुलीतली राख आणून देली.

"बाबा, पूजेचा हाये तो!" राजकुमार धावत आला. "अपशकुन होईन!"

"होऊन गेला," मामाजी म्हणाले, अन् अजून थोडी राख मागितली.