अडुसष्टचा गोल

सारीबेल जंक्शनच्या आमच्या ‘डेपो’ फुटबॉल क्लबाचा इतिहास मीच लिहिलाय आणि त्यातली एकही ओळ आजवर कुणी खोडून दाखवलेली नाही. खोडू शकणारे बहुतेक मेले. आज आमची पोरं राजरोस पगारी खेळाडू आहेत. आमच्या वेळी खेळाचा पगार घेणं गुन्हा होता, म्हणून प्रत्येकाच्या नावावर रेल्वेचं एखादं काम लावलेलं असे. हजेरीवर सही ठोकायची आणि मैदान गाठायचं. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, फक्त कागदाला नव्हतं.

परवा क्लबाच्या संग्रहालयात येर्गाझी आला, बेचाळीस वर्षांनी. सोबत मुलगी होती, झानिल.

“सेयितकाझी, ओळखलंस का रे?”

न ओळखून जातो कुठे! अडुसष्टचा करंडक त्याच्याच गोलावर आला होता. त्या दिवशी हजेरीत तो चाकं तपासणारा होता. न तपासलेला डबा रुळावरून घसरला, दोन माणसं गेली. तीन हजार लोकांनी त्याला मैदानावर पाहिलेलं, पण तसं कबूल केलं असतं तर क्लबच बुडाला असता. कोर्टात मला विचारलं, गोल कुणी मारला? मी म्हणालो, मी. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याला आठ वर्षं मिळाली, मला गोल मिळाला.

“हिला सांग रे,” तो म्हणाला. “आता कोण कुणाला धरतंय? भिंतीवर नाव नको, काही नको. मी त्या दिवशी कुठं होतो, तेवढं फक्त हिला सांग.”

“सेयितकाझी अगा, एकदाचं काय ते बोला,” झानिल मला म्हणाली. “शाळेत पोरं मला खुन्याची पोर म्हणायची, आणि हे तुरुंगातनं मला गोलाच्या गोष्टी लिहून पाठवायचे. मला त्या खोट्याच वाटायच्या. खरं असेल तर मी इथंच यांची माफी मागते.”

तिच्या मागच्या भिंतीवर माझा दाराएवढा फोटो होता. पुढच्या महिन्यात नव्या स्टँडला माझं नाव द्यायचं ठरलंय.

“पोरी,” मी म्हणालो, “तुझा बाप आमच्यात पाणी द्यायलासुद्धा नव्हता. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याच्या लग्नातही आपणच नवरदेव होतो असं वाटायला लागतं.”

वर मी हसलोही. माझी मलाच किळस आली, पण शब्द काही मागे घेतला नाही.

येर्गाझी माझ्याकडे बघत राहिला. वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण त्यानं टोपी काढली आणि तो मुलीकडे वळला.

“खरंय हा म्हणतो ते. मी रेल्वेच्या डेपोत कामावरच होतो. झोप लागली होती मला.”

झानिलचे डोळे भरून आले.

“आज पहिल्यांदा खरं बोललात, अके,” ती बापाला म्हणाली, आणि त्याचा हात धरून जपून त्याला पायऱ्या उतरवू लागली.