डाव्या चाकातली बारीक खडखड

शहागडच्या आमच्या गॅरेजमधून कोणतीही गाडी मी ऐकल्याशिवाय बाहेर पडत नसे. हा नियम माझे यजमान काकासाहेब यांनी घालून दिला आणि त्यांच्या पश्चात एकवीस वर्षे मी तो पाळला. काम झाले की मी पुढच्या डाव्या सीटवर बसायची, काच खाली करायची, आणि मिस्त्री गाडी गोदावरीच्या पुलापर्यंत सावकाश नेऊन परत आणायचा. वाटेत कोणी बोलायचे नाही. बुश झिजला असेल तर खड्ड्यात बद्द आवाज होतो. बॉल जॉइंट गेला असेल तर वळताना ठोका बसतो. शॉकअप वरून सैल असेल तर रिकाम्या डब्यावर मूठ मारल्यासारखे वाजते. मी "सोडा" म्हटले की गाडी सुटायची, आणि माणसे त्या एका शब्दावर सोलापूरपर्यंत निर्धास्त जायची.

वसंता आमच्याकडे अकरा वर्षे होता. त्याचे वडील शिवाजी मिस्त्री हे काकासाहेबांचे पहिले कारागीर. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ते हसनाबादला आपल्या गावी परतले आणि स्वतःच्या जागी मुलाला ठेवून गेले. जाताना माझ्यासमोरच त्याला बजावले होते, "बाईंचा कान म्हंजे कोर्टाचा निकाल. उलट बोलायचं न्हाई."

वसंता उलट बोलला नाही. एक दिवस सोडून.

गेल्या पौषात सोमेश्वर गुरुजी त्यांची जुनी मोटार घेऊन आले. बाळंतीण लेक आणि सव्वा महिन्याचा नातू मागे बसलेले. त्यांना सोलापूरला, लेकीच्या सासरी पोचवायचे होते. डाव्या चाकाकडून आवाज येतो, एवढीच तक्रार.

"गुरुजी," आमचा दुसरा कारागीर संघपाल हसत म्हणाला, "शाळेच्या घंटेपेक्षा तुमची गाडी जास्त वाजून राह्यली."

"घंटा वाजली की पोरं पळतात. ही वाजली की पळतच नाही," गुरुजी म्हणाले.

वसंताने लिंक रॉड बदलला. मंडळी उतरून सावलीत बसली, मी गाडीत बसले, आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो. मला काहीही ऐकू आले नाही. मी "सोडा" म्हटले. गुरुजींनी लेकीला बसवून गाडी सुरू केली, तसा वसंता बॉनेटवर हात ठेवून आडवा उभा राहिला.

"बाई, अजून बारीक खडखड हाय. ब्रेकवर जरा पाय ठेवला की बंद होती. चाकाचा ब्रेक धरणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट ढिला असंल. दहा मिनिटं द्या."

"आवाज नाही, वसंता."

"हाय, बाई. तुम्हाला ऐकू येत न्हाई."

हे वाक्य गिऱ्हाइकासमोर, सगळ्या कारागिरांसमोर उच्चारले गेले. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. "नसलेला आवाज काढून काम वाढवतोस? लबाडी करतोस? शिवाजी मिस्त्रींनी हेच शिकवले का?"

"बापाचं नाव घेऊ नका."

"या दारात पुन्हा दिसू नकोस."

गुरुजींची गाडी गेली. वसंताने हात पुसले, पाने आपल्या पेटीत एकेक करून ठेवले आणि तोही गेला. हमरस्त्यावर बातमी गाडीपेक्षा वेगाने जाते. बाईंनी लबाडीसाठी काढलेल्या माणसाला पाचोडपासून गेवराईपर्यंत कोणीही उभे केले नाही. मला ते कळत होते, आणि मला ते योग्य वाटत होते.

चैत्रात एका तूर व्यापाऱ्याच्या जीपला मी "सोडा" म्हणून आत गेले. चष्मा सीटवर राहिला म्हणून परत आले, तर जीप पुन्हा जॅकवर चढलेली. संघपाल चाक वरून-खालून धरून हलवीत होता. मला पाहताच त्याचे हात थांबले.

"मी सोडा म्हटले होते."

तो जॅकचा दांडा फिरवून जीप खाली उतरवू लागला.

"संघपाल, खरे बोल."

"बाई, तुम्हाला ठोका अजून पक्का ऐकू येतो. धडधड, गडगड सगळं बराबर कळतं. बारीक तेवढं गेलंय. दीड वर्ष झालं."

"आणि तुम्ही?"

"तुम्ही सोडा म्हणलं की तुमच्या मागं आम्ही अजून एक चक्कर मारतो. वसंतानं चालू केल्तं. त्यानंच सगळ्यांना दम दिल्ता, बाईंना कळू द्यायचं न्हाई म्हणून. त्या दिवशी गुरुजी तसेच निघाले, मागून चक्कर मारायला टाइमच न्हाई राह्यला. म्हणून बोलला तो."

"गुरुजींची गाडी?"

"मी मोटरसायकलवर मागं गेल्तो. गेवराईच्या अलीकडं पंपावर गाठलं. बोल्ट दोन बोटांनी फिरला, बाई. गुरुजींना म्हणलं, हवा चेक करायची राह्यली व्हती."

"तीन महिने तू गप्प राहिलास."

"वसंता बोलला, त्याचं काय झालं ते आम्ही पाह्यलं की."

दुसऱ्या दिवशी सकाळीच संघपालला घेऊन मी हसनाबादला निघाले. आयुष्यात मी कोणाकडे चूक कबूल करायला गेले नव्हते. वाटभर मी वाक्ये जुळवीत होते: वसंताला सन्मानाने परत न्यायचे, सर्व कारागिरांसमोर त्याची क्षमा मागायची, आणि यापुढे शेवटचा शब्द त्याचा. शिवाजी मिस्त्रींनाही सांगायचे की तुमचा मुलगा माझ्यापेक्षा श्रेष्ठ निघाला.

वसंता गावाबाहेरच्या एका शेडमध्ये मक्याची पोती शिवत होता. मला पाहून उठला, पाया पडला, आणि काही न विचारता घरी घेऊन गेला.

भिंतीवर शिवाजी मिस्त्रींचा फोटो होता. त्याला हार होता.

"फाल्गुनात गेले," त्याची आई दैवशाला म्हणाली. "वसंता म्हणला, बाईंना कळवू नका."

मी जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही माझ्याजवळ उरले नाही. मी तिच्यासमोर चटईवर बसले आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. बोल्ट, पंप, मागून मारलेल्या चकरा, माझे कान.

"म्हंजे आवाज व्हता?"

"होता. वसंता खरा होता. मी चुकले."

"आमचे मालक म्हणायचे, बाईंनी काढलं म्हंजे पोरानं केलंच असंल. बाईंचा कान चुकत न्हाई." तिने पदर सावरला. "दोन महिने बोलले न्हाईत त्याच्याशी. शेवटी शेवटी याच्या हातचं पाणी बी घेईनात. मी पाजायची. पोरगं दारात उभं राहायचं." ती फोटोकडे वळली. "आता त्यांना कोण सांगंल, आवाज व्हता म्हणून?"

वसंता चहा घेऊन आला. मी त्याला म्हटले, "चल. तुझी जागा तुझी आहे. अख्ख्या रस्त्यावर मी स्वतः सांगेन."

"सांगा, बाई. तुमचं मन हलकं होईल." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर मला सोसले असते. "पण मी न्हाई येत. आता गाडी वाजली की मला दारातला मीच दिसतो."

मी चहा संपवला. दुसरे काय करायचे होते? निघताना तो गाडीपर्यंत पोचवायला आला. संघपालने गाडी मागे घेतली, चाक एका दगडावरून उतरले आणि वसंताची मान एकदम तिरपी झाली. त्याने काहीतरी ऐकले होते.

मी काच खाली केली. "काय आहे, वसंता?"

"काही न्हाई, बाई. सावकाश जा."

मग तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, संघपालच्या खिडकीशी वाकला आणि हळू आवाजात दोन शब्द बोलला. संघपालने मान हलवली. भोकरदन रस्त्याला लागण्यापूर्वी त्याने गाडी बाजूला घेतली आणि पाना घेऊन खाली उतरला. मी समोर पाहत बसून राहिले. काय सांगितले, ते मी त्याला विचारले नाही.