वारसाच्या हातावरचं पाणी

टक्.

एवढाच आवाज झाला. केतुरानं मला कोनाड्यातल्या फरशीवर ठेवलं, दुसरं काही नाही. पण जेवायला बसलेली सगळी माणसं दचकली. शिफ्राबाईंच्या हातातला भाकरीचा तुकडा गळून पडला. दारातल्या पहारेकऱ्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की गडू ठेवल्याचा आवाज तो! कुणी हसलं नाही.

मित्रांनो, तो गडू म्हणजे मी. पांढऱ्या दगडाचा, एका बाजूला मूठ असलेला, अंगावर छिन्नीच्या उभ्या खुणा वागवणारा. जेवणाआधी माणसांच्या हातांवर पाणी घालायचं, एवढंच माझं काम. हात धुताना माणसं माझ्याकडे बघत नाहीत आणि तोंडानं बोलतच राहतात. त्यामुळे या राजघराण्याबद्दल जे इतिहास लिहिणाऱ्यांना ठाऊक नाही, ते मला ठाऊक आहे. आणि खरं सांगतो, त्यातलं फार थोडं चांगलं आहे.

यरुशलेमच्या उत्तरेला टेकडीत खडूसारख्या मऊ दगडाची खाण आहे. तिथे दोसा नावाच्या पाथरवटानं मला घडवलं. आधी पोट कोरलं, मग बाहेरून तासलं, आणि सगळा वेळ तो मला शिव्या घालत होता. शेवटी हातात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "निघालास राजाच्या घरी! माज करू नकोस. शेवटी धोंडाच तू."

राजाच्या घरी दगड कशाला, असं तुम्हाला वाटेल. आमच्या लोकांत मातीच्या भांड्याला विटाळ झाला, नुसती मेलेली पाल जरी त्यात पडली, तरी ते फोडून टाकतात. दगडाला विटाळ लागत नाही. त्याच्यावर काहीही सांडो, धुतला की पुन्हा शुद्ध. म्हणून मोठ्या लोकांना दगड फार आवडतो.

या घराण्यात राजाचा मुकुट आणि मुख्य याजकाचा फेटा एकाच डोक्यावर बसायचा. शिफ्राबाईंचा थोरला पिनहास जन्मला तेव्हा तो त्याच्या वडिलांच्या डोक्यावर होता. मला विकत आणलं ते पिनहाससाठीच. त्याच्या चिमुकल्या मुठीवर पहिलं पाणी घातलं ते माझ्यातूनच, आणि त्या दिवशी आल्यागेल्यानं मला हातात घेऊन म्हटलं, "वा, काय सुबक आहे!" माझं कौतुक झालं ते तेवढंच.

पुढे वडील लढाईतल्या जखमेनं गेले. पिनहासचा धाकटा भाऊ इद्दो तेव्हा आईच्या पोटात होता. फेटा एल्यासीबकाकांनी घातला. "पोर मोठं होईपर्यंत," असं ते सगळ्यांना सांगायचे. मित्रांनो, हे शब्द कुणाच्या तोंडी आले, की त्या पोराच्या आईनं झोप सोडावी.

तसा पिनहासच्या पुढे अजून एक वारस होता. सगळ्यांत थोरल्या, वारलेल्या काकांचा मुलगा, अमित्तै. थंडीत एल्यासीबकाका त्याला यरीहोच्या वाड्यावर घेऊन गेले, आणि तो परत आला तो खाटेवर. खजूर खाताना बी घशात अडकून मेला म्हणे. अडकणारच. हा अमित्तै बी तोंडातून उडवून कुंपणापलीकडच्या गाढवाला नेमकी मारणारा! मी सुरुवातीला सांगितली ती रात्र ही बातमी आली त्याच दिवसाची.

केतुरा पिनहासची दाई. तिच्या जिभेला कधीच लगाम नव्हता. माझं तोंड घासता घासता ती पुटपुटली, "यरीहोच्या खजुराला अक्कल फार. गावभर पोरं खातात, पण बी अडकते ती वारसाच्याच घशात."

"केतुरा, हळू," शिफ्राबाई म्हणाल्या.

"हळूच बोलतेय, बाईसाहेब. जोरात बोलले असते तर माझ्याही घशात अडकली असती."

आता वारस पिनहास. आणि त्याला त्याचा केवढा आनंद! मुकुटाचं त्याला काही नव्हतं. त्याला वेदीपाशी जायचं होतं. माझ्यात राख भरून तो मला दोन्ही हातांत धरायचा आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायचा. धूप नेण्याचा सराव चालायचा त्याचा. कण सांडला की पुन्हा पहिल्यापासून. इद्दो तेव्हा रांगत होता. तो मागून येऊन भावाचा झगा ओढायचा, राख दोघांच्या डोक्यावर, आणि केतुराच्या शिव्या सगळ्या वाड्याला ऐकू यायच्या.

मंडपांच्या सणाला, म्हणजे फांद्यांचे मांडव घालून त्यात राहायच्या सणाला, पिनहास देवळात पांढरा झगा घालून काकांच्या मागे उभा राहिला. लोकांना काका आवडत नसत. त्या लोकांनी या पोराकडे बघितलं आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आमचा याजक तो मागचा!" मग सगळीच ओरडायला लागली. खजुराच्या फांद्या हलवत, हातातली मोठ्या लिंबासारखी महाळुंगं उंच करत, तो मागचा, तो मागचा! पिनहास लाजून लालेलाल झाला. काका हसले.

ते हसले हे घरी येऊन केतुरानं सांगितलं, तेव्हा शिफ्राबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

सण संपला आणि काका आमच्याकडे जेवायला आले. केतुरा त्यांच्या हातांवर माझ्यातून पाणी घालत होती.

"वहिनी, पोरगं फिकट दिसतंय. इथली थंडी मानवत नाही त्याला. परवा मी यरीहोला निघालोय. द्या माझ्याबरोबर."

"त्याचं पठण चालू आहे, भावोजी."

"यरीहोला काय पठण होत नाही? ऊन खाईल, खजूर खाईल."

"अमित्तैनंही खाल्ले होते."

पाणी पडायचं थांबलं. काकांनी ओले हात तसेच पुढे धरले. "अमित्तै हावरट होता," ते म्हणाले. "पंचा दे गं."

दुसऱ्या दिवशी शिफ्राबाई जेवल्या नाहीत. नगराच्या वेशींवर काकांची माणसं होती. वडीलधाऱ्यांकडे निरोप पाठवला, तर त्यांनी धीर धरायला सांगितलं. धीर धरा म्हणायला काही लागत नाही, म्हणून लोक तो दुसऱ्याला सांगतात. दुपारी त्या केतुराजवळ येऊन बसल्या.

"माझे वडील वेदीवर द्यायची कोकरं तपासायचे," त्या म्हणाल्या. "मी लहान होते, मी धरायचे ती. जरा कुठे खोट निघाली की कोकरू परत. कानाची खालची मऊ पाळी फाटली तर चालतं. वरची कडक कड गेली, की झालं. माणसांनाही तोच नियम. अंगात व्यंग असलेला याजक वेदीपाशी जाऊ शकत नाही."

केतुरानं हातातलं काम टाकलं. "बाईसाहेब, काय बोलताय?"

"जो वेदीपाशी जाऊच शकत नाही, त्याला मारून कुणाला काय मिळणार?"

"अहो, पण तो जगतोय तेवढ्यासाठीच!"

"आधी जगू दे. कशासाठी ते मग बघू."

"आणि इद्दो?"

"भावोजींची बायको गरोदर आहे. मुलगा होईल. एकदा स्वतःचा वारस आला, की रांगणाऱ्या पोराकडे कोण बघतं?"

मी घासलेलाच होतो, तरी केतुरानं मला पुन्हा घासायला घेतलं.

सकाळी पिनहास आईकडून केस कापून घ्यायला बसला. "काका मला घोडा देणार आहेत, आई. पांढरा. तुझ्याकडे बघून हात करीन हं वेशीतून."

"हलू नकोस."

"गुदगुल्या होतात पण!"

पुढचं मी सांगणार नाही, मित्रांनो. सगळीकडे शिफ्राबाईंनी हात सटकला म्हणून सांगितलं. तो सटकला नव्हता. थरथरलाही नव्हता. केतुरा पोराला उराशी धरून रडत होती आणि माझ्यातून पाणी घालत होती, ते लाल होऊन माझ्यावरून ओघळत होतं. मातीचा असतो तर मला त्या दिवशी फोडलं असतं, आणि बरं झालं असतं. पण मला धुतलं आणि कोनाड्यात ठेवलं. मी पुन्हा शुद्ध!

काका आले. पोराच्या कानावरची पट्टी त्यांनी स्वतः सोडली. कोकराचा धरावा तसा तो कान उजेडाकडे वळवून नीट बघितला.

"वरची कड," ते म्हणाले. "पाळीला धक्कासुद्धा नाही. वहिनी, तुमच्या वडिलांचा हात कधी सटकला नाही म्हणतात."

शिफ्राबाईंनी खाली पडलेले केस गोळा करायला घेतले.

"घोडा तयार आहे ना, काका?" पिनहास रडत रडत म्हणाला. "मी येऊ शकतो. मला फार दुखत नाही."

"आता एवढ्या थंडीत कुठे येतोस, बाळ?" काकांनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला. "राहा आईपाशी."

पांढरा झगा गेला, काळा आला. आमच्याकडे व्यंग असलेल्या याजकांना काळं नेसवतात आणि देवळाच्या आवारातल्या लाकडाच्या कोठीत बसवतात. वेदीसाठी आलेल्या ओंडक्यांतून किडके वेगळे काढायचे. तिथे एक लंगडा होता, एक एकाक्ष, आणि आता पिनहास. पहिल्या दिवशी घरी आला तो त्यानं मला उचललं आणि भिंतीवर फेकलं. माझ्या कडेचा टवका उडाला. "राणीसाहेब," तो आईला म्हणाला, "तुमचा हात सटकतो, माझाही सटकला." त्या दिवसापासून तो तिला आई म्हणाला नाही.

गावानंही तिला सोडलं नाही. झऱ्यावर बायका केतुराला ऐकू जाईल असं बोलायच्या, "मेंढी पिल्लाला चाटते गं, हिनं चावलं!" सणात ज्यांनी फांद्या हलवल्या होत्या, तेच आता शिफ्राबाईंची पालखी बघून थुंकायचे. त्यांचा लाडका वारस तिनं हिरावून घेतला होता ना! तो जिवंत होता, याचं कुणाला काही नव्हतं.

मलाही त्यांनी अडगळीत काढलं. टवका उडालेला गडू पाहुण्यांसमोर कसा ठेवणार? गच्चीवर पारव्यांना पाणी ठेवायला माझा उपयोग होऊ लागला. पारवे माझ्या कडेवर बसतात आणि काय करतात ते मी सांगायला नको. पण गच्चीवरून मला पिनहास येता-जाता दिसायचा. त्याचा आवाज फुटला. खांदे रुंद झाले. ओठावर लव आली. अमित्तैच्या ओठावर ती यायचीच राहिली. शिफ्राबाई रोज संध्याकाळी वर यायच्या, पारव्यांना दाणे टाकायचं निमित्त करून, आणि तो कोठीतून परत येताना वळणावर दिसला की मगच खाली जायच्या. तो वर बघायचा नाही.

काकांना मुलगी झाली. मग दुसरीही मुलगीच.

आणि यंदाच्या मंडपांच्या सणाला इद्दो केतुराच्या खांद्यावर बसून गेला. हातात मावत नव्हतं एवढं महाळुंग त्यानं छातीशी धरलं होतं. गर्दीत एका म्हाताऱ्यानं त्याला ओळखलं. "अरे, धाकटा! धाकटा धडधाकट आहे!" झालं. फांद्या हलल्या, महाळुंगं वर गेली. तो आरडाओरडा मला गच्चीवर ऐकू आला आणि सगळे पारवे उडून गेले. शिफ्राबाईंनी एका पोराला वारसांच्या रांगेतून ओढून काढलं होतं. रांग पुढे सरकते, हे तेव्हा ऐकून घ्यायला त्या तयार नव्हत्या.

मित्रांनो, मी जुना धोंडा. मला शहाणपण शिकवायची हौस नाही. पण दोन गोष्टी मागतो. माझा टवका उडालाय, तरी माझ्यातून पाण्याचा एक थेंब गळत नाही. म्हणून कशालाही, कुणालाही मोडकं म्हणून बाजूला टाकण्याआधी त्यात जरा पाणी भरून बघत जा. आणि कधी एखाद्या पोराच्या नावानं घोषणा द्यायची हौस आली, तर आधी गर्दीत त्याची आई शोधा, आणि तिच्या तोंडाकडे बघा.

काल काकांचा निरोप आला. इद्दो फिकट दिसतोय, त्याला यरीहोला पाठवा.

आज सकाळी शिफ्राबाईंनी मला गच्चीवरून खाली आणलं. राखेनं घासलं. पाणी भरलं. केतुरा दाराशी पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "मला नाही जमायचं आता, बाईसाहेब. मला सांगू नका." इद्दो तिवईवर बसून पाय हलवत होता. त्याला कसली भीती नव्हती. रोज रात्री भावाच्या कुशीत तो त्याचा कान कुरवाळत झोपतो. त्याला वाटतं, मोठं झालं की सगळ्यांचा कान तसाच होतो.

शिफ्राबाईंनी सुरी घेतली. यावेळी त्यांचा हात थरथरत होता. इतका, की त्यांनी ती पुन्हा खाली ठेवली.

तेवढ्यात दारात काळा झगा दिसला. पिनहास कोठीवर गेलाच नव्हता. त्यानं तिवईकडे बघितलं, सुरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आत आला, इद्दोला उचलून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी घट्ट कवटाळलं.

"आई," तो म्हणाला, "मी धरतो त्याला."

शिफ्राबाईंनी तोंडावर पदर दाबला. इद्दोनं मान वळवून भावाचा कान बघितला, मग स्वतःचे दोन्ही कान चाचपले, आणि हसून वर बघितलं.

"आई, दादाचा हा. माझा कुठला गं?"