चूलबंद आवतान

पंकजाचं मला कधीच काही बघवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ती माझी चुलत जाऊ. तिचा नवरा वैजनाथ आमच्या ह्यांचा चुलतभाऊ, आणि गावचा सरपंच. दोन घरांच्या मध्ये एक भिंत आहे म्हणून बरं, नाहीतर मी केव्हाच अंथरूण धरलं असतं. त्यांच्या बोअरला पाणी लागलं त्याच साली आमची बोअर कोरडी गेली. त्यांनी डाळिंब लावलं, आम्ही आपली बाजरीच पेरत राहिलो. तिची म्हैस दर वेताला रेडी देते आणि माझी म्हैस रेडाच. लोक म्हणतात, मनकर्णे, जळून काय मिळतं? मिळत काहीच नाही. पण जळणं काय कुणाला विचारून पेटतं?

तरी ते सगळं पोटातल्या पोटात होतं. बाहेर आलं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या रुपालीच्या लग्नात.

वैशाख चालला होता. लग्नाला पंचवीस माणसं, त्यावर एक नाही, असा सरकारी नियम होता. बाकीच्या गावांत तो कागदावर असेल, आमच्या गावात तो वैजनाथच्या तोंडात होता. त्याला गाव हिवरे बाजारसारखं करायचं होतं. म्हणजे तसं काम करायचं नव्हतं, तसं नाव फक्त व्हायला हवं होतं. त्यानं वेशीवर काटेरी बोराट्या टाकून रस्ता अडवला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि रोज सकाळी देवळाच्या भोंग्यावरून गावाला दम द्यायला लागला. "नियम म्हंजी नियम! माझा बाप आला तरी सुट्टी न्हाई!" बाप कधीच वारला होता, त्यामुळं त्या बाजूनं काही अडचण नव्हती.

रुपालीच्या लग्नादिवशी हा स्वतः वेशीवर उभा राहून माणसं मोजत होता. माझा भाऊ अजिनाथ ऊसतोडीला जातो. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तसा तो गावी परतला आणि भाचीच्या लग्नाला पिवळी साडी घेऊन मोटारसायकलवर आला. तो नेमका सव्विसावा निघाला.

"अवं सरपंच, मामा हाय मी पोरीचा," अजिनाथ म्हणाला.

"मामा आसंल न्हाई तर आजा. तू कारखान्यावरनं आलेला. माघारी फिर."

इकडं भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मांडवात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तेवढ्यात वैजनाथ वेशीवरून आलाच. शिट्टी पाठीवर टाकली आणि म्हणाला, "मी हाय की. चुलता काय आन् मामा काय, एकच." माझ्या पोरीचा हात धरून त्यानं तिला बोहल्यावर नेलं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत मामाच्या जागेवर उभा राहिला. फोटोतही तोच आहे, नाकावर मास्क आणि छाती पुढं. अजिनाथ माघारी फिरला नाही. वेशीच्या पलीकडं उभं राहून त्यानं मंगलाष्टकं ऐकली आणि मूठभर अक्षता बोराटीवर टाकल्या.

मी त्या दिवशी रडले नाही. लेकीच्या लग्नात आईनं रडायचं असतं, पण मला राग एवढा आला होता की रडू आलंच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पंकजाच्या धनश्रीचं लग्न ठरलं. वैजनाथ आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "वैनी, मनात काय आनू नका. नियम माझाच, तवा माझ्यापासनंच सुरुवात. घरच्या चार मानसांत उरकतो. भावकीतलं कुनालाच सांगत न्हाई."

मला इतकं बरं वाटलं! आता पंकजालाही कळेल, मोकळ्या मांडवात लेक देताना कसं वाटतं ते. मी तर तोंड वर करून म्हणाले, "न्हाई हो भावजी, नियम म्हंजी नियम." त्या रात्री मला झोपसुद्धा छान लागली.

लग्नाच्या सकाळी मी कुरडया वाळत घालायला माळवदावर गेले. खाली चूल पेटवून ठेवली होती. सहज बघितलं तर शेजारच्या भीमाबाईच्या घरावर धूर नव्हता. म्हातारी आजारी पडली की काय, असं मनात आलं. पलीकडं साळूबाईच्या घरावरही धूर नव्हता. गल्लीभर नजर फिरवली. गॅस सगळ्यांकडं आलाय, पण आमच्याकडं भाकरी चुलीवरच होते. अख्ख्या गल्लीत एकच धूर निघत होता, आणि तो माझ्या घराचा होता.

घरातल्या लहानथोरांसकट सगळ्यांना जेवायला बोलावलं, घरी चूलच पेटवायची नाही, असं सांगून गेलं की त्याला आमच्याकडं चूलबंद आवतान म्हणतात. भावकीत त्याच्याइतका मान दुसरा नाही. गावाला ते मिळालं होतं. पोरीच्या चुलत्याच्या घराला मिळालं नव्हतं.

मी धावत खाली गेले आणि पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. आमचे हे आत आले. "आगं, काय करतीस?"

"धूर दिसतोय साऱ्यांना," मी म्हटलं. त्यांनी बाहेर डोकावून गल्लीकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. दुपारी आम्ही शिळी भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली.

तेवढं सोडलं तर त्या दिवशी मी माळवदावरून हललेच नाही. कुरडया वाळून खडखडीत झाल्या तरी परतत बसले होते. डाळिंबाच्या बागेमागच्या मोकळ्या रानात मांडव घातला होता, गुलाबी पांढऱ्या कापडाचा, झालरी लावलेला. वेशीवरच्या बोराट्या ओढून बाजूला फेकल्या होत्या आणि गाड्या आत येत होत्या, पांढऱ्या, काळ्या, लांबच्या लांब. वांग्याच्या भाजीचा वास माळवदापर्यंत येत होता. पंगतीवर पंगती उठत होत्या. एक बसली की दुसरी माणसांच्या पाठीमागं उभी. पंकजा मोरपंखी साडीत मिरवत होती. साडीचा काठ मला इतक्या लांबूनही दिसत होता, डोळे फुटोत माझे. आणि तिनं एकदा वर पाहिलं. मला पाहिलं. मग पदर नीट केला आणि पाठ फिरवली. हाक मारायची होती तर तेव्हाही मारता आली असती.

आमच्याकडं लग्न लागण्याआधी पुढाऱ्यांची नावं पुकारून सत्कार करतात. ते भोंग्याशिवाय होतच नाही. "आपल्या सर्वांचे लाडके आमदारसाहेब या ठिकाणी उपस्थित झालेले आहेत, त्यांचा सत्कार वधुपित्याच्या हस्ते... मास्क वापरा, अंतर ठेवा... तसेच कारखान्याचे माजी संचालक या ठिकाणी..." हेच आमदार शाळेतल्या करोना सेंटरची फीत कापायला आले होते, तेव्हा आम्हा बायांना हात जोडून म्हणाले होते, माउल्यांनो, एक वर्ष लग्नं पुढं ढकला. आता मास्क हनुवटीला लावून जिलबी खात होते.

तिथला एक फोटो मोबाईलवर फिरत फिरत अजिनाथकडं गेला. त्यानं सरळ तालुक्याला जाऊन तहसीलदाराकडं वैजनाथविरुद्ध अर्ज दिला. वैजनाथनं सांगितलं, फोटो जुनाय, करोनाच्या आधीचा. आणि पारावर उभं राहून म्हणाला, "साहेब चौकशीला येत्यात. गावातला एक जरी मानूस त्याच्या बाजूनं बोलला तर नाव बदलीन. न्हाई बोललं कोनी, तर खोटा अर्ज केला म्हनून त्यालाच आत टाकतो. ऊसतोड्या हाय, जामिनाला कोन येनार त्याच्या?"

अजिनाथ आमच्याकडं आला. आमच्या ह्यांच्या समोर बसला आणि म्हणाला, "दाजी, तुमी तेवढं खरं सांगा. दुसरं कोनी बोलनार न्हाई."

"बोलतो," हे म्हणाले. "भितो का काय मी त्याला?"

तहसीलचे साहेब आले ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. सगळं गाव जमलं होतं, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. एकेकाला पुढं बोलावलं. किती माणसं होती? पंचवीस. तुम्ही होता का? न्हाई बा. भीमाबाई म्हणाली, "साहेब, मी तर तवा पडून हुते, मला काय बी ठावं न्हाई." पडून होती खरी, पण जेवणानंतर, डाळिंबाच्या सावलीला. अजिनाथ खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता.

मग आमच्या ह्यांचं नाव पुकारलं.

साहेबांनी विचारायच्या आधीच वैजनाथ म्हणाला, "साहेब, ह्यांना पयलं एवढंच इचारा, ह्यांच्या घराला आवतान हुतं का? आवतान नसलेला मानूस जळूनच बोलनार."

बाया पदराआड हसल्या. पंकजाही हसली, तिचे डोळे मला दिसले. मला वाटलं, आता हे बोलतील. आवतान नव्हतं म्हणतील, पण जे होतं ते सांगतील. हे ताठ झाले. कान लाल झाले.

"नव्हतं कसं?" हे म्हणाले. "चूलबंद आवतान हुतं! चुलता हाय मी पोरीचा!"

वैजनाथ असा हसला की काय सांगू. लोण्यात सुरी जावी तसा पुढं आला. "व्हय की साहेब! दादा हुतेच. दादांनी पयल्या अक्षता टाकल्या. पंचवीसात पयलं नाव दादांचं. या दादा, बसा हितं." त्यानं स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. आणि आमचे हे बसले. गावासमोर, सरपंचाच्या खुर्चीवर. चेहरा असा फुलला होता, जणू खरोखरच जेवून आले होते.

"मग किती माणसं होती?" साहेबांनी विचारलं.

ह्यांनी अजिनाथकडं पाहिलं नाही. "पंचवीसच," म्हणाले.

अजिनाथनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. माझा भाऊ आता खोटा ठरला होता. त्याला पोलिसात नेलं असतं आणि हे त्या खुर्चीवर बसून राहिले असते. मी पुढं झाले तेव्हा काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं.

"साहेब, आमाला आवतान नव्हतं," मी म्हटलं.

हे खुर्चीतून अर्धे उठले. "ए, गप बस!"

"नव्हतं आवतान. साऱ्या गावाला हुतं, आमाला नव्हतं. आमी त्या दिवशी शिळं खाल्लं."

साहेबांनी विचारलं, "मग तुम्हाला कसं माहीत, बाई, तिथं किती माणसं होती?"

"माळवदावरनं बघत हुते. सकाळपासनं दिवस मावळंपतूर."

"दिवसभर?"

"जळत हुते, साहेब." बाया आता मोठ्यानं हसल्या. मी म्हटलं, "हसा. जावंचा मांडव, जावंची साडी, सारं बघितलं मी. आमदारानं जिलबी किती वेळा घेतली ते बी बघितलं. पंगत उठायच्या आधी दुसरी बसत हुती. शेकड्यानं मानूस हुतं."

"साहेब, ऐकताय न्हवं?" वैजनाथ म्हणाला. "जळकी बाय हाय."

"व्हय, हाय," मी म्हटलं. "ज्यांनी खाल्लं त्ये बोलायचे न्हाईत. मग माझ्यावानी जळक्याशिवाय सांगनार कोन तुमाला?"

साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. मी सही केली. जाताना ते वैजनाथला म्हणाले, "सरपंच, उद्या कचेरीत या. फोटोग्राफरला पण आणा." वैजनाथच्या तोंडावरचा रंग गेला. पंकजानं पदर दातात धरला होता. मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मोरपंखी साडी ती मोरपंखी साडीच, ती काही तिच्या कपाटातून उडून गेली नाही.

अजिनाथनं माझ्या पायाला हात लावला आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला. ह्यांच्याशी तो बोलला नाही.

घरी जाताना हे माझ्या पुढं भराभरा चालत होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर गर्रकन वळले.

"लाज न्हाई वाटली तुला? नाक कापलंस माझं. साऱ्या गावाला कळलं आज, आपल्याला आवतान नव्हतं!"

"अवं," मी म्हटलं, "सारं गावच तिथं जेवत हुतं. पंगतीत तुमी नव्हता, ह्ये त्यांना ठावं न्हाई व्हय?"

हे जागच्या जागी उभे राहिले. एवढ्या दिवसांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.