टोपण लावलेली सुई

विमलाबाईंनी दहादा बजावलं होतं, "सोनूबाय, वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाय. मोडायची नि डब्यात टाकायची." मी ऐकते कसली! विळीचं पातं आडवं केल्याशिवाय जागचं उठायचं नाही, हे आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. उघडं पातं दिसलं की हात आपोआप जातो. बाई दवाखान्यात नर्स आणि मी आया, तरी मनात म्हणायचे, ही कालची पोर मला शहाणपण शिकवणार!

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. संगमेश्वराकडच्या आमच्या दवाखान्यात प्लास्टिकच्या सिरिंजा नुकत्या आल्या होत्या. काचेच्या उकळत बसायचा माझा जाच सुटला. बाजाराच्या दिवशी ही गर्दी! म्हणून सकाळीच कागद फाडून, सुया बसवून, टोपणासकट सगळ्या ट्रेमध्ये मांडून ठेवायची आमची पद्धत. टोपण असेल ती नवी, उघडी ती वापरलेली. एवढी साधी खूण.

त्या दिवशी भागोजी आला, डोळे हळदीसारखे पिवळे. बाईंनी त्याला सुई टोचली, सिरिंज तशीच टेबलावर ठेवली आणि आतून बाळंतिणीची हाक आली तशा धावल्या. मी टेबल पुसायला घेतलं. सुई उघडी. टोपण लावलं, आणि फडक्याच्या मधे नको म्हणून शेजारच्या ट्रेच्या कडेला ठेवली. मागाहून मोडू, म्हटलं.

इतक्यात माझी बकुळा आली. पाचवा महिना, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं होतं. "आये, उभं राहवत नाय गो." एकुलती एक लेक, तिचा नवरा मुंबईला. वीस बायका ताटकळत होत्या, तरी तिला सरळ आत घेतली. बायका ओरडल्या तर उलट मीच खेकसले, "पोटुशी बाय दिसत नाय काय गो तुम्हाला?" बाई हात धुऊन आल्या. मी ट्रे पुढे केला आणि बकुळाचा दंड धरला. बाईंनी कडेची सिरिंज उचलली.

संध्याकाळी आवरताना मोडायची सिरिंज सापडेना. मोडली असेन, म्हटलं, आणि घरी गेले.

आठव्या महिन्यात बकुळाचे डोळे पिवळे झाले. रत्नागिरीला नेली. डॉक्टर म्हणाले, "ही कावीळ दूषित सुईतून लागते. हिला मधे कुठं सुई टोचली होती?" भागोजी, फडकं, ट्रेची कड, सगळं डोळ्यांपुढे आलं. देवा रे, माझ्याच हातानं!

पोर पोटातच गेलं. तिसऱ्या दिवशी बकुळा गेली.

जिल्ह्याहून साहेब आले, चौकशी झाली. बाई म्हणाल्या, "टोपण होतं, मी नवीच समजले." साहेबांनी मला विचारलं, "टोपण तू लावलं होतंस?" जावई शेजारीच उभा होता, रडून रडून डोळे सुजलेला. त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, "नाय."

बाईंची नोकरी गेली. गावानं तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ट्रंक घेऊन एस.टी.ची वाट बघत उभ्या होत्या, तर मला बघून पुढं आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, "सोनूबाय, तुझी लेक माझ्या हातून गेली. मला माफ कर."

आणि मी मेलीनं म्हटलं, "केलं."