स्टोच्या कच्च्या फिल्मचे गाऱ्हाणे

चूक वेळीच दाखवणाऱ्याचीच जीभ कापणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

मी एक कच्ची फिल्म बोलते आहे. मला रंग नाही, आवाज नाही. पक्की जाहिरात काढायला फार खर्च येतो आणि ती झाल्यावर चूक सुधारता येत नाही. म्हणून आधी पेन्सिलीची साधी चित्रे काढून, ती ओळीने कॅमेऱ्यासमोर ठेवून मला घडवतात. मला पाहावे, दोष शोधावा, मगच पुढे जावे, एवढ्यासाठीच माझा जन्म.

१९८४ साली पालघरच्या विश्राम चित्रकाराने मला घडवले, ते तारापूरच्या वसाहतीतील एका स्टोच्या कारखान्यासाठी. माझ्यातली बाई रॉकेल संपत आले की स्टो विझवी, हवेची चावी सैल करी, स्टो गार होईपर्यंत थांबे आणि मगच टाकीचे झाकण उघडी.

मालक कमलाकांतशेठने मला भिंतीवर पाहिले आणि तो हसला.

"विश्रामराव, ही बाई बसून का राहिली? जपाला बसली काय?"

"शेठ, टाकीत हवा कोंडलेली असते. थांबले नाही तर तापलेले रॉकेल अंगावर उडेल."

"तुमची बाई थांबेल, आणि माझं गिऱ्हाईक स्टो सोडून गॅसच्या शेगडीसाठी नंबर लावील! कापा ते."

"ते कापायचे असेल तर पक्की फिल्म मी काढणार नाही."

"नका काढू. कात्री चालवणारे पुष्कळ आहेत."

हवा सोडण्याचा आणि थांबण्याचा माझा तुकडा कापला गेला. माझा उरलेला भाग पाहून दुसऱ्या चित्रकाराने रंगीत फिल्म काढली. तीत हसरी बाई स्टो विझवते आणि लगेच झाकण उघडते. आठवड्याच्या बाजारात पडदा लावून ती फुकट दाखवली. ज्याला वाचता येते तो स्टोबरोबरच्या कागदावरची सूचना वाचेल. ज्याला येत नाही, तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाला फसवणे हे मी देवळातल्या चोरीहून मोठे पाप मानते.

कुंभवलीच्या भागीने ती फिल्म पाहून स्टो घेतला, आणि पाहिले तसेच केले. तिचे दोन्ही हात भाजले.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होती. पाटावर पान्यांशेजारी मलाही ठेवून शेठने फूल वाहिले. ज्या वस्तूचे सत्य आपण कापले, तिलाच फूल! विक्रेते जमले होते. प्रसादाचा शिरा कारखान्याच्याच स्टोवर शिजत होता. तेवढ्यात हातांना फडकी गुंडाळलेली भागी आत आली.

"शेट, तुमी शिनमात दाखवला तसाच केला मी. माजे हात बगा."

"बाई, लाखो बायका स्टो वापरतात. तुझ्या हातालाच वळण नाही."

शिऱ्याखालची ज्योत मंदावली. भागी म्हणाली, "रॉकेल सरला वाटता. मंग तुमीच भरून दाखवा, शिनमातल्यासारका."

सगळे पाहू लागले. शेठ हसतच उठला. त्याने स्टो विझवला. हात झाकणाकडे गेला, अडला, आणि आपसूक हवेच्या चावीकडे वळला. फुस्स करून हवा सुटली. तो उभाच राहिला.

रामकिसन नावाचा विक्रेता म्हणाला, "शेठ, थांबलात का? फिल्ममधली बाई तर थांबत नाही!"

शेठला सारे ठाऊक होते, हे त्याच्याच हाताने सांगितले होते.

कारखान्यातून परत येऊन आज मी विश्रामच्या घरी गंजक्या डब्यात आहे. माझी पट्टी कुजते आहे, तिला आंबूस वास येतो. माझी विनवणी एवढीच: कच्चे काम पाहताना जे खुपते, ते कापू नका, सुधारा. ईश्वर पक्क्या रंगांना भुलत नाही.

भागीची बोटे पुन्हा मिटली नाहीत. विक्रेत्यांनी स्टो परत केले, कारखान्याला टाळे लागले. भागीच्या खटल्यात रामकिसनने पालघरच्या न्यायालयात साक्ष दिली. धोका ठाऊक असून लपवल्याबद्दल कमलाकांतला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि वरच्या न्यायालयाने त्यातला एक दिवसही कमी केला नाही.